निऱ्यांत जाणारा डाग

भिकन आबांची सारी हयात सुरतेतल्या एका प्रोसेसिंग मिलच्या फोल्डिंग खात्यात माल तपासण्यात गेली. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापडाचा ताका उलगडत सरकत जाई आणि आबा त्यावर नजर ठेवून उभे असत. कुठे धागा तुटलेला, कुठे रंगाचा ठिपका, कुठे छपाईची कड हललेली दिसली की खडूची खूण करून ते एवढेच म्हणत, "डागी." त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला की कोऱ्या साडीची किंमत जागच्या जागी निम्मी होई. पण त्यांची खरी विद्या याच्या पुढची होती. डाग कुठे पडला आहे हे पाहून तो नेसल्यावर निऱ्यांत जाईल, पदरावर येईल की खांद्यावर चारचौघांना दिसेल, हे ते साडी न उलगडता सांगत. घरातल्या प्रत्येक लग्नाला आणि बारशाला त्यांनी निऱ्यांत जाणारे डाग निवडून निवडून निम्म्या किमतीत साड्या आणल्या, आणि आहेर घेणाऱ्या एकाही बाईला त्याचा पत्ता लागला नाही. निदान आबांची तशी समजूत होती.

या विद्येतून त्यांनी जगण्याचे एक तत्त्वज्ञान काढले होते. निर्दोष माल जगात कुठेच नसतो. शहाण्याने फक्त दिसणाऱ्या भागाचे पैसे मोजावेत. हे तत्त्वज्ञान त्यांना इतकी वर्षे पुरले, की ते कापडाखेरीज आणखी कशाला लागू पडते का, हे पडताळून पाहायची वेळच आली नाही. ती आली तेव्हा आबांचे गुडघे गेलेले होते.

उभे राहून राहून गुडघे झिजले आणि पावले मधुमेहाने बधिर केली. हृदयाचे कारण सांगून डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. सुरतेच्या पर्वत पाटिया भागातल्या एका सोसायटीत त्यांचे घर होते, तेही तळमजल्याचे. पण ओटा उतरून गल्लीच्या तोंडाशी जायचे तरी मुलगा घरी असावा लागे. हा मुलगा, योगराज, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मशीन सांभाळी. सुटीच्या दिवशी तो आबांना ॲक्टिव्हावर बसवून चौकातल्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, नेई. तिथे खानदेशातून आलेली, मिलमधून नि रेल्वेतून निवृत्त झालेली मंडळी जमत. एकदा लारीपाशी आबांचा पाय सीटवरून निघेना. योगराजने काखेत हात घातले, लारीवाल्याने गुडघे धरले आणि दोघांनी मिळून त्यांना उचलून बाकावर ठेवले. रेल्वेत आयुष्य काढलेला त्यांचा जुना दोस्त काशीराम बाकावरून ओरडला, "सरका रे, भिकनचा ताका आला! जपून ठेवा, घडी मोडेल!"

सगळे हसले. आबाही हसले, विनोद चांगलाच होता. पण पुढच्या रविवारी त्यांना खोकला झाला, त्याच्या पुढच्या रविवारी कणकण, आणि मग लारीवर जायची गोष्ट कुणी काढेनासे झाले.

हेही चालले असते. पण श्रावणात कानबाई आली. खानदेशातली ही देवी सुरतेत येऊन राहिलेल्या घरांनीही आपल्याबरोबर आणली आहे. रविवारी तिची स्थापना होते, रात्रभर जागरण होते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. आबांच्या भावकीत एक रीत होती: कानबाईचा चौरंग एकदा घरच्या वडीलधाऱ्या बाईने डोक्यावर घेतला, की तो चौकात टेम्पोत चढेपर्यंत मध्ये कुठे टेकवायचा नाही, आणि मिरवणुकीच्या पुढे घरचा कर्ता पुरुष चालेल, त्याला ओलांडून कुणी पुढे जायचे नाही. कितीतरी वर्षे आबांच्या बायकोच्या, उषाबाईंच्या डोक्यावर चौरंग आणि त्यांच्या पुढे आबा, अशीच मिरवणूक निघत आली होती. त्या वर्षी मात्र आबा खिडकीत बसले होते आणि पुढे त्यांचा पुतण्या गजेंद्र चालत होता, पांढरा सदरा घालून, मान ताठ करून, आबा चालायचे अगदी तसाच. आबांना वाटले, आपले कापड आपल्या देखत दुसऱ्याच्या नावावर चढले. पुढच्या श्रावणात मिरवणुकीच्या पुढे आपणच असायचे, आणि तिथवर कुणीही उचलून नेता कामा नये, हे त्यांनी त्याच खिडकीत ठरवले.

सून हर्षदा कापड मार्केटमधल्या एका दुकानात साड्यांची ऑनलाइन विक्री बघायची. तिने मोबाइलवर एक चित्र शोधून काढले: पुढे हँडल, मागे खुर्ची आणि खाली चार लहान चाके असलेली, पायाने अधू माणसांसाठीची बॅटरीची गाडी.

"आबा, ही बघा. फूटपाथवरसुद्धा चालते. बॅटरीची वर्षभर गॅरंटी आहे, आणि बिघडली तर माणूस मुंबईहून घरी येऊन दुरुस्त करून देतो."

"केवढ्याला?"

"पंच्याण्णव हजार. आम्ही दोघं थोडे घालतो ना."

"हर्षदा," आबा मोबाइल परत देत म्हणाले, "मी नोकरीला लागलो तेव्हा एवढ्यात मिलच आली असती. मशीनसकट."

पैसे त्यांच्याकडे होते. फंडाचे जपून ठेवलेले. अडचण वेगळीच होती. ज्या माणसाने जन्मात पूर्ण भावाने साडी घेतली नाही, त्याने पूर्ण भावाने खुर्ची घ्यायची? आणि सुनेचे पैसे घालून घेतलेल्या गाडीवर बसायचे, म्हणजे तर तिने उचलून नेल्यासारखेच झाले. आबांनी चारी दिशांना निरोप धाडले, आणि महिनाभरात त्यांना हवा तसा माल सापडला. कामरेजच्या एका व्यापाऱ्याने आपल्या आईसाठी परदेशातून अशी गाडी मागवली होती; म्हातारी गेली आणि गाडी गोदामात पडून राहिली.

काशीरामला बरोबर घेऊन, रिक्षा करून आबा कामरेजला गेले. गाडी लाल होती. तो लाल रंग पाहून आबांच्या डोळ्यांना बरे वाटले. त्यांनी ती दारातल्या उजेडात ढकलत आणायला लावली आणि काठीवर रेलून तिची तपासणी सुरू केली. सीटच्या कापडावरून तळवा फिरवला, शिवण ओढून पाहिली, हँडलच्या मुठी चिमटीत दाबल्या. मागच्या बाजूला त्यांना एक ओरखडा दिसला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"डागी आहे," ते मालकाला म्हणाले.

"काका, मागे आहे. कोण बघणार?"

"ते मला सांगू नका. डाग तो डाग. दोन हजार कमी करा."

"भिकन," काशीराम हळूच म्हणाला, "अरे, चालवून तरी बघ."

"बॅटरी उतरली आहे," मालक म्हणाला. "चार्ज केली की पळेल."

"आणि काशीराम, माल चालवून बघत नसतात," आबा म्हणाले. "उजेडात धरून बघतात."

पुढे हे वाक्य आबांना किती तरी वेळा आठवले. प्रत्येक वेळी ते आठवताना त्यांना आपला त्या दिवशीचा आवाजही आठवे, खर्जातला, जाणत्या माणसाचा, आणि मग एकट्यानेच बसले असतानाही त्यांचे कान गरम होत. ज्या गोदामात ती गाडी दोन वर्षे चार्जिंगशिवाय उभी होती, तिथे बॅटरीबद्दल त्यांनी एक प्रश्नही विचारला नाही. बॅटरी सीटखाली होती. दिसत नव्हती. आणि जे दिसत नाही तो डाग नव्हे, हा तर त्यांचा उभ्या आयुष्याचा धंदा होता.

दोन हजार सुटले आणि अठ्ठावीस हजारांत गाडी आली. ती टेम्पोतून उतरली तेव्हा उषाबाई हळदी-कुंकवाचे ताट घेऊन ओट्यावर आल्या आणि बघतच राहिल्या.

"हाई काय लई उनात? खुर्ची शे का गाडी शे?"

"दोन्ही आहे. इंपोर्टेड."

"नारळ कोठे फोडू मग? चाकाले का पाठले?"

नारळ चाकापाशी फुटला, हँडलला लिंबू-मिरची लटकली, गल्लीत पेढे वाटले गेले. मग समजले, की चार्जरचा प्लग आपल्या भिंतीत जात नाही. ती जुळवाजुळव झाल्यावर रात्रभर चार्ज करून दुसऱ्या सकाळी आबा निघाले, आणि खरोखरच गाडी पळाली. गल्लीच्या तोंडापर्यंत पळाली. तिथे तिने एक बारीक शिट्टी वाजवली आणि ती थांबली. योगराज कामावर गेला होता. आबा भर उन्हात त्या लाल खुर्चीवर ऐटीत बसून राहिले. येणारा-जाणारा "वाह, भिकनभाई, नवी गाडी!" म्हणत होता आणि आबा हात हलवून, आपण इथे मुद्दामच थांबलो आहोत असे दाखवत होते. दुपारी उषाबाई जेवायला हाक मारायला आल्या तेव्हा खरा प्रकार उघड झाला.

चौकात ई-रिक्षा दुरुस्त करणारा हितेश होता. त्याने सीट उचलून आत पाहिले आणि तो चुकचुकला.

"भिकनभाई, बॅटरी तो मरी गई."

"चार्ज केली होती."

"मरेला माणसाला ग्लुकोज चढावसो तो उठशे?"

"मग नवी टाक."

"एज तो प्रॉब्लेम छे ने! इंपोर्टेडमां बधुं सारुं, खाली पार्ट ज ना मळे."

हितेश मनाचा चांगला आणि हाताचा धाडसी होता. या दोन गुणांची बेरीज आबांना फार महाग पडली. मापाची बॅटरी सुरतेत मिळाली नाही, म्हणून त्याने ई-रिक्षाच्या दोन बॅटऱ्या बसवल्या. त्या सीटखाली मावेनात, म्हणून लोखंडी अँगल जोडून सीट वीतभर उंच केली. सीट उंच झाल्यावर आबांचे पाय लोंबकळू लागले, म्हणून पायांसाठी फळी वेल्डिंग केली. एवढे वजन वाढल्यावर पुढचे टायर बसले. ते भरीव रबराचे परदेशी टायर, ते बडोद्याहून कुणाच्या तरी ओळखीने मागवावे लागले. मूळचा हॉर्न कोंबडीच्या पिल्लासारखा चिवचिवायचा. पर्वत पाटियाच्या रस्त्यावर तो खुद्द आबांनाही ऐकू येत नसे. म्हणून रिक्षाचा हॉर्न लावला. त्या हॉर्नने कंट्रोलर जळाला. कंट्रोलर दुरुस्त होऊन येईपर्यंत जेवढे दिवस लागले तेवढ्यांत नव्या बॅटऱ्याही निम्म्या बसल्या, कारण त्या न चालवता ठेवल्या तरी चार्ज करत राहायच्या असतात, हे हितेश सांगायला विसरला किंवा आबा ऐकायला.

खर्चाची बेरीज करायची नाही, असा नियम आबांनी स्वतःला घालून घेतला होता. उषाबाईंनी तो पाळायचे नाकारले. एका संध्याकाळी त्या बोटे दुमडत दुमडत मोजत गेल्या आणि म्हणाल्या, "बस व्हयनं. एवढामा नवी गाडी उनी व्हती."

हर्षदा तिथेच भाजी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही, की आबांकडे पाहिले नाही.  आबांना ते सगळ्यात जास्त लागले. सुनेने निदान एक टोमणा मारला असता तर त्यांना रागावता तरी आले असते.

"तुला कळत नाही," ते उषाबाईंवर घसरले. "डाग सापडले, दुरुस्त झाले. आता जे काही उरलं असेल ते आत आहे, निरीत गेल्यासारखं. दिसायचं नाही."

उषाबाईंनी मोजायला दुमडलेली बोटे सोडली.

"इतला वरीस मी तुम्हन्या डागी साड्या नेसनू. तुम्हले काय वाटस, डाग आपोआप निरीमा जास? मी घालस तो निरीमा. सकाये उठीसन, दोन-दोन दाव निऱ्या मोडीसन."

 हर्षदाने चेहरा भाजीत आणखी खाली घातला; तिचे खांदे हलत होते. थोड्या वेळाने आबांनाही हसू आले, पण ते त्यांनी मिशीतल्या मिशीत ठेवले, कारण श्रावण तोंडावर आला होता आणि गाडी मागे घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

शेवटच्या दुरुस्तीला हितेशने त्यांना मागची एक पिवळी दांडी दाखवली.

"भिकनभाई, रस्तामां बंद पडे, तो आ लिव्हर खेंचवानुं. मोटर छुटी थई जाय, पछी कोई पण धक्को मारी शके. पण ध्यान राखजो..."

"धक्का?" आबांनी त्याला मध्येच तोडले. "बांध ती. तारेने घट्ट बांधून टाक."

"अरे, पण सांभळो तो खरा..."

"बांध म्हटलं ना."

आबांना योगराज माहीत होता. ती दांडी त्याला सापडली तर तो पहिल्याच चढाला मागून हात लावेल, आणि मग काशीरामला नवा विनोद सुचेल. हितेशने खांदे उडवून तार गुंडाळली आणि पक्कडीने पीळ दिला. आणखी काही तरी तो सांगत होता, पण आबांचे लक्ष पिळाकडे होते.

कानबाईच्या सोमवारी सकाळी आबा धोतर, कोट आणि टोपी घालून तयार झाले. उंच केलेल्या सीटवर बसल्यावर ते मंडपातल्या नवरदेवासारखे दिसत होते आणि गल्लीतल्या बायकांनी तसे बोलूनही दाखवले. गजेंद्र पांढरा सदरा घालून आलाच होता.

"आबा, गेल्या वर्षासारखा मी चालतो ना पुढे. तुम्ही टेम्पोत बसा आरामात. एसी आहे त्यात."

"टेम्पोत बसून कुणी कर्ता होतो का रे?"

"तुम्ही पण बसूनच जाणार ना, आबा?"

पोरगा बोलायला चुकला नव्हता, हे आबांना कळले. त्यांनी रिक्षाचा हॉर्न वाजवला आणि मिरवणूक निघाली. पुढे लाल गाडीवर आबा, मागे डोक्यावर चौरंग घेतलेल्या उषाबाई, त्यांच्या दोन्ही बाजूंना चवऱ्या घेतलेल्या बायका, मग नाचणारी मंडळी आणि सगळ्यात शेवटी डीजेचा टेम्पो. चौकात दुसरा टेम्पो उभा होता. तिथे चौरंग चढवायचा आणि तापीवर जायचे. चौक फार लांब नव्हता. गल्लीच्या तोंडाशी काशीराम उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि आबांना वाटले, की गेल्या श्रावणातली ती खिडकी आता कायमची बंद झाली.

सोसायटी आणि चौक यांच्यामध्ये खाडीवरचा एक पूल आहे. धडधाकट पायांना तो चढ जाणवतही नाही. आबांच्या गाडीला तो पहिल्या हातभर अंतरातच जाणवला. आधी तिचा आवाज जाड झाला, मग बारीक झाला. आबा पुढे झुकले, जणू त्यांच्या झुकण्याने काही होणार होते. पुलाच्या माथ्याच्या थोडेसे अलीकडे गाडीने तीच बारीक शिट्टी वाजवली आणि जाग्यावर खिळली.

मागे मिरवणूक थांबली. आबांना ओलांडून कुणी जायचे नव्हते आणि उषाबाईंना चौरंग टेकवायचा नव्हता. डीजे वाजतच होता. मागच्या मंडळींना काय झाले ते कळले नव्हते आणि ती आणखी जोरात नाचत होती. पुलावर दोन्ही बाजूंनी रिक्षा आणि टेम्पो हॉर्न देऊ लागले.

"काय झालं, आबा?" योगराज धावत आला.

"काही नाही. थंड होते आहे. निघेल."

"साइडला घेऊ का?" गजेंद्रने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता गाडीला मागून रेटा दिला. गाडी हलली नाही. वीज गेली, की तिचा ब्रेक आपोआप लागत असे. दोघांनी रेटले, तिघांनी रेटले. मग चौघांनी तिला उचलायला हात घातला. ई-रिक्षाच्या बॅटऱ्यांसकट आणि आबांसकट ती जेमतेम बोटभर उठली आणि धप्पकन खाली आली.

"अरे, हितेशने काय शिसं भरलंय का यात?" कुणी तरी ओरडले.

"आबांना उतरवा आधी," गजेंद्र म्हणाला. "आबा, मी चालतो ना पुढे. तुम्ही इथं बसा सावलीला."

आबांना मागच्या पिवळ्या दांडीचे माहीत होते. त्या पुलावर ती फक्त त्यांनाच माहीत होती. सांगायचे तर एका शब्दाचे काम होते, पण त्या शब्दानंतर जे होणार होते ते टाळण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चालला होता: कामरेज, अँगल, फळी, बडोद्याचे टायर. ते टोपी सारखी करत बसले. गाडी आपसूक चालू होईल, अशी त्यांना आशा होती. आणि गाडीने आजवर एकदाही तसे केलेले नाही, हेही त्यांना ठाऊक होते.

मागून उषाबाईंचा आवाज आला. तो मोठा नव्हता.

"कानबाई डोकावर शे मन्हा. मान लटलट करी राहिनी. तुम्हना विचार व्हई जावो, मंग सांगा."

आबांनी वळून पाहिले. उषाबाईंच्या डोक्यावरचा चौरंग खरोखरच थरथरत होता. त्यावर देवी म्हणून मांडलेल्या नारळाची नथ हलताना दिसत होती. उषाबाईंचे दोन्ही हात वर होते आणि कोपरांपर्यंत घाम ओघळला होता. तरीही त्या गजेंद्रला 'पुढे हो' म्हणाल्या नव्हत्या. त्या आबांच्या मागेच उभ्या होत्या.

"मागे," आबा म्हणाले, "मागे पिवळी दांडी आहे. ती ओढली की ढकलता येते."

हर्षदा खाली वाकली. "आबा, ही तर तारेने बांधली आहे! कुणी बांधली?"

"सोड ना ती. विचारतेस काय!"

तार हाताने सुटेना. शेवटी एका म्हातारीच्या पिशवीतून अडकित्ता निघाला आणि हर्षदाने सुपारी कातरावी तशी तार कातरली. दांडी ओढली गेली, कुठे तरी खट्ट झाले, आणि गजेंद्र व हर्षदाने रेटताच ते सारे अवजड लोखंड लोण्यावरून सरकावे तसे पुढे सरकले. मागून टाळ्या पडल्या. आबांनी मान खाली घातली. पण लगेच वर करावी लागली, कारण हँडल त्यांच्याच हातात होते आणि समोर खड्डा होता. त्यांनी डावीकडे वळवले. गजेंद्र आपोआप डावीकडे आला. उजवीकडे वळवले; हर्षदा उजवीकडे आली. आबांना हे जरासे नवलाचे वाटले. ताक्यासारखे उचलून नेणे निराळे आणि हे निराळे होते. हे असे आहे हे कळायला एवढे पैसे खर्च करायची गरज होती का, असाही एक विचार त्यांच्या मनात डोकावून गेला.

पुलाचा माथा आला. मिरवणूक पुन्हा चालू झालेली पाहून डीजेवाल्याने नवे गाणे लावले. गाणे नाचायचे होते. गजेंद्रचे हात गाडीवरून सुटून वर गेले. पदर सावरायला म्हणून हर्षदाने एक हात काढला. आणि पुलाचा उतार सुरू झाला.

तेव्हा आबांना आठवले, की तार बांधताना हितेश आणखी काय सांगत होता. दांडी ओढलेली असली, की मोटर सुटी होते आणि मोटरबरोबर ब्रेकही सुटतो.

"धरा!" आबा ओरडले. "अरे धरा! गजेंद्र! सोडू नको रे!"

ढकलायला नको म्हणून तार बांधून घेणारा माणूस आता भर रस्त्यात टोपी उडवत, 'सोडू नका' म्हणून गळा काढत होता. उंच सीटवरून त्यांना उतार नेहमीपेक्षा खोल दिसत होता. त्यांनी रिक्षाचा हॉर्न दाबून धरला, आणि बॅटरीत गाडी चालवण्याइतकी धुगधुगी नसली तरी बोंबलण्याइतकी निघाली. गजेंद्र नाचता नाचता वळला, त्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो, योगराज आणि हर्षदा तिघेही धावत सुटले. योगराजने सीटची पाठ पकडली, गजेंद्रने अँगल धरला, हर्षदाने आबांच्या कोटाचा मागचा पट्टाच धरला, आणि तिघे टाचा रोवत, फरफटत गाडीबरोबर खाली आले. कर्त्याच्या मागे राहायचे म्हणून उषाबाई आणि सगळ्या बायकाही चवऱ्या सावरत अर्धवट पळत खाली आल्या. त्या वर्षी आबांच्या भावकीची कानबाई साऱ्या पर्वत पाटियात सगळ्यात आधी चौकात पोहोचली.

चौरंग टेम्पोत चढवला गेला. उषाबाईंनी मानेवरून हात फिरवला आणि आबांकडे पाहून त्या इतक्या हसायला लागल्या, की त्यांना टेम्पोच्या फाळक्याचा आधार घ्यावा लागला.

"धरा म्हणे! सोडू नका म्हणे!"

आबांनी टोपी मागितली. ती काशीरामच्या हातात होती आणि ती देताना तो काही तरी बोलणार होता, पण आबाच आधी बोलले. "बोल, बोल. ताका सुटला, असंच ना?"

काशीरामचा सगळा विनोद जागच्या जागी मेला.

मग आबांनी सुनेला जवळ बोलावले. ती अजून धापा टाकत होती, आणि तिच्या तळव्यावर तारेचा ओरखडा उठला होता.

"ती मुंबईची गाडी," ते म्हणाले. "ढकलताना तिला ब्रेक लागतो का, तेवढं विचार."

"विचारते, आबा."

"आणि फंडातले पुरायचे नाहीत आता. तुम्हाला दोघांना घालावे लागतील. थोडे नाही, बरेच."

"घालू की. आम्ही तेव्हाच म्हणत होतो."

"तेव्हा मी शहाणा होतो." आबांनी कोट झटकला. त्यांची नजर लाल गाडीकडे गेली. "लाल असली तर बघ. पण लालच हवी असं नाही."

टेम्पोवाला हॉर्न देत होता. गजेंद्र येऊन उभा राहिला, मान खाली घालून. "आबा, चुकलं माझं. हात सुटला."

"गाणं चांगलं होतं," आबा म्हणाले. "आता मला वर चढव. आणि परत येताना तो पूल पुन्हा आहे. नाचायचं असेल तर आधी सांग, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगतो."